चिऱ्यावर

मोठ्या वळणावरच्या सिमेंटच्या बाकापाशी फुटाणा एकटाच बसला होता. बाबा कुठेच दिसत नव्हते.

"काय रे मेल्या, एकटाच? बाबा कुठायत?" मी लांबूनच ओरडले.

एरवी मला बघितलं की ह्या कुत्र्याची नुसती शेपटी नाही, अख्खी मागची बाजू हलायची. त्या दिवशी काही हललं नाही. पाखाडीच्या अगदी कडेच्या चिऱ्यावर तो खाडीकडे तोंड करून बसला होता. मी जवळ गेले तशी उठला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा उजवा पाय चिऱ्यावरून खाली गवतात ठेवला.

"चिऱ्यावर!" मी खेकसले.

त्याने पाय वर घेतला आणि पुन्हा होता तसा बसला.

ह्या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. मार्गशीर्षातला गुरुवार होता. संध्याकाळचे पाच वाजले असतील, कारण ऊन खाडीच्या पलीकडच्या डोंगरावर गेलं होतं. माझ्या गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. शाळेच्या गॅदरिंगसाठी कोळीनृत्याचे चौदा पोशाख शिवायला घेतले होते, शनिवारी द्यायचे होते. मशीनवरून उठले तेव्हा माझ्या मनात काळजी कमी आणि चिडचिड जास्त होती. हे मी खरं तेच सांगते. बाबा चारला परत यायचे ते साडेचार झाले तरी आले नाहीत, म्हणून मी चिडले होते.

आमच्याकडे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी बांधलेल्या पायवाटेला पाखाडी म्हणतात. आमच्या गावची पाखाडी आमच्या बेड्यापासून, म्हणजे अंगणाच्या फाटकापासून निघते, डोंगराच्या कुशीतून दीड किलोमीटर जाते आणि देवळापाशी पोचते. तिथून एक वाट खाली तरीच्या, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीच्या धक्क्याला जाते, दुसरी वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, डांबरी रस्त्याला. एका अंगाला काजूची झाडं, दुसऱ्या अंगाला खाली खाडी. मोठ्या वळणावर आलं की खाडीचं मुख आणि त्याच्या पलीकडे समुद्र दिसतो. पुढे ग्रामपंचायतीने तिथे बाक टाकले, 'निसर्ग पायवाट' असा हिरवा फलक लावला आणि मुंबई-पुण्याची माणसं येऊन फोटो काढायला लागली. पण चिरे बाबांचे होते. गंगाराम मेस्त्री म्हणून बाबांना सगळी पंचक्रोशी ओळखायची. तरुणपणी दोन गडी घेऊन त्यांनी ही अख्खी पाखाडी बसवली होती. "एक चिरा हलला तर माझं नाव बदल," म्हणायचे. तीस पावसाळे गेले, चिरा हलला नाही. हलायला लागलं ते त्यांचं डोकं.

"बाय, माझ्या डोक्यातले चिरे निसटायला लागले गो," असं त्यांनीच एकदा मला सांगितलं. चहा घेऊन दहा मिनिटांत चहा मागितला होता आणि मी फाडकन बोलले होते. त्यावर ते हसत हे म्हणाले. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मग त्या आजाराचं नाव सांगितलं. नाव होतं, औषध नव्हतं.

आई केव्हाच गेली होती. मी लग्न होऊन गेले होते आणि तीन वर्षांत परत आले होते, ती गोष्ट वेगळी. घरात आम्ही दोघं आणि फुटाणा. पिल्लू असताना तापल्या कढईतल्यासारखा उडायचा, म्हणून बाबांनीच हे नाव ठेवलं. त्याच्या आधीचा कुत्रा बिबळ्याने नेला होता, तोही भर दुपारी. पाखाडीवरून चार हात खाली गवतात उतरला, एकदाच ओरडला आणि संपला. म्हणून फुटाण्याला बाबांनी एक वर्षभर काठी घेऊन एकच धडा शिकवला. चिरा सोडायचा नाही. चिऱ्यावर काठी आपटायची आणि म्हणायचं, "चिऱ्यावर!" काठी त्याच्या अंगाला कधी लावली नाही, पण धडा असा बसला की विचारू नका. मांजर आडवं गेलं, कोंबडी फडफडली, तरी फुटाणा पाखाडीवरून उतरायचा नाही. पर्यटक मुद्दाम गवतात बिस्किट टाकायचे. हा कडेवर उभा राहून लाळ गाळायचा, पण पाय खाली नाही.

"माणसांना एवढी अक्कल असती तर मी दुसरं काय मागितलं असतं?" बाबा अभिमानाने म्हणायचे.

बाबांचं विसरणं वाढलं तेव्हा सगळे म्हणाले, मेस्त्रींना एकटं सोडू नका. मी त्यावर फुटाणा हे उत्तर शोधून काढलं. रोज दुपारी तीनला दोघांनी निघायचं, देवळापर्यंत जायचं, गुरवकाकांकडे पाणी प्यायचं आणि चारला परत. फुटाणा पाखाडी सोडत नाही आणि बाबा फुटाण्याला सोडत नाहीत, मग काळजी कसली? मी तेवढा तास निवांत शिवण करायची. आपल्या हुशारीचं मला कौतुकच होतं. बाबा त्याआधी दोनदा हरवले होते, दोन्ही वेळा धक्क्यावर सापडले. पलीकडच्या गावात काम आहे, तरीची होडी येऊ दे, असं म्हणत पायरीवर बसून होते. पण ते फुटाण्याला बरोबर धाडायला लागण्याआधीचं.

तर त्या संध्याकाळी मी फुटाण्याला तिथेच सोडून देवळाकडे धावले. जाताना हाका मारल्या, "बाबा! ओ बाबा!" खाडीवरून वारा चढला होता, तो माझ्याच तोंडावर येत होता.

रघुनाथ गुरव, म्हणजे गुरवकाका, देवळाचं अंगण झाडत होते.

"मेस्त्री? आज आलेच नाय. मी पाण्याचा तांब्या भरून ठेवलाय बघ." त्यांनी झाडू बाजूला ठेवला. "धक्क्यावर गेले असतील. मागं नाय का गेलेले?"

"देवळावरून जाताना तुम्हाला दिसले असते ना?"

"मी तासभर मागं नारळ सोलत होतो गो. त्या वेळात गेले असतील."

हे मला पटलं. माणसाला जे आधीच वाटत असतं ते चटकन पटतं. माणसं गोळा करायला मी घराकडे वळले. मोठ्या वळणावर फुटाणा जागचा हलला नव्हता. अंधार व्हायला आता फार वेळ नव्हता, आणि ती वेळ बिबळ्याची.

"चल घरी."

तो ऐकेना. मी गळ्याचा पट्टा धरून ओढलं, तर बूड टेकून बसला. चारही पाय चिऱ्यावर रोवले. मला असा संताप आला! ज्याच्या भरवशावर मी म्हाताऱ्या माणसाला बाहेर सोडत होते तो त्याला सोडून इथे खाडी बघत बसला होता, आणि वर आता नखरे. मी त्याच्या पाठीत दोन फटके मारले. तो कण्हला नाही, पण मान त्याच बाजूला वळवत राहिला. मी त्याला फरफटत घरी आणलं. त्याच्या नखांनी चिऱ्यांवर काढलेल्या रेघा मी दुसऱ्या दिवशी पाहिल्या. पडवीच्या खांबाला त्याला सुंभाने पक्का बांधला.

"एक हरवला तेवढं पुरे, दुसरा वाघाच्या तोंडी नको," मी शेजारच्या दत्तारामदादांना म्हणाले.

"बरं केलंस," ते म्हणाले. तेच गावचे पोलीस पाटील. त्यांनी दहा मिनिटांत वीस माणसं जमवली. विजेऱ्या आल्या, काठ्या आल्या, दोघंतिघं शेतावरून तसेच चिखलाच्या पायांनी आले. आमचं गाव वाईट नाही. आजही मी कुणाला बोल लावत नाही.

आम्ही पाखाडीने निघालो. मोठ्या वळणावरून गेलो, वीसच्या वीस माणसं. तिथे बाक होता आणि पुढे खाडी होती. थांबायला कुणाला काही कारणच नव्हतं.

देवळापाशी वाटा फुटतात. तिथे दोन तट पडले. कुणी म्हणे धक्का, कुणी म्हणे सड्यावर जाऊन एसटी धरली असेल. वीस माणसं दोन्हीकडे पांगवायची तर अंधारात दोन्हीकडे अपुरी पडणार. दत्तारामदादा म्हणाले, "कौल लावूया. देव सांगेल तिकडं सगळेच जाऊ."

गुरवकाकांनी दिवा मोठा केला. देवाच्या दोन्ही अंगांना भिजवलेल्या पाकळ्या चिकटवल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा, हे लेकरू तुझ्या पायाशी आलंय. तिचा बाप वाट चुकलाय. धक्क्याला गेला असंल तर उजवी दे, सड्याला गेला असंल तर डावी दे, आणि तिला मोकळी कर."

 उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली.

"धक्का!" सगळे एकदमच म्हणाले, आणि मला रडूच आलं, आनंदाने. आता फक्त उतरायचं आणि पायरीवर बसलेल्या बाबांना घेऊन यायचं, असंच मला वाटलं. त्यांना ओरडायचं नाही, असंही मी ठरवून टाकलं.

धक्क्यावर कुणी नव्हतं.

त्या रात्रीचं मी फार सांगत नाही. होड्या काढल्या, गळ टाकले, भरतीच्या पाण्यात माणसं छातीएवढ्यात उतरली. खाडीत जे शोधतात ते जिवंत माणसाला शोधत नाहीत, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पहाटे मला बायकांनी घरी आणून बसवलं. फुटाणा रात्रभर भुंकून भुंकून घसा बसल्यासारखा आवाज काढत होता. मी पडवीत गेले आणि त्याला म्हणाले, "आता कशाला रडतोस? तेव्हा सोडून आलास ना?" हे शब्द मी त्याला म्हणाले. नंतर तो गप्प झाला. मला वाटलं, दमला. तो सुंभ चावत होता.

सकाळी सात-साडेसातला हवाबी दारात आली. खालच्या मोहल्ल्यातून ती रोज पाखाडीने मासे घेऊन चढते. त्या दिवशी टोपली डोक्यावर तशीच होती.

"सुगंधा, बाप मिळाला गो?"

मी मान हलवली.

"तुझा कुत्रा मोठ्या वळणावर बसलाय. गळ्यात दोरी लोंबतेय. मी हाडहाड केलं, बोंबील टाकला, हलत नाय. खालीच बघतोय." तिने टोपली उतरवली. तिचा आवाज बदलला. "सुगंधा, खाली काय हाय गो तिथं?"

 खाली काय आहे, हे गावात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. खाली चिऱ्याची खाण होती. पंचवीस वर्षांपूर्वी बंद पडलेली, आता करवंदीच्या जाळ्यांनी आणि रानमोडीने गच्च भरलेली. ह्याच पाखाडीचे चिरे त्याच खाणीतून निघाले होते. लहानपणी मी आईबरोबर तिथे बाबांची भाकरी घेऊन जायची. वळणावर यायचं, गवतातून उतरायचं, पन्नास पावलं.

मी आत वळून पाहिलं. देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला बाबांचा ओळंबा टांगलेला असायचा, भिंत सरळ आहे की नाही ते पाहायची दोरी आणि तिला लावलेलं पितळी वजन. काम सोडून बारा वर्षं झाली तरी तो खिळा कधी रिकामा राहिला नव्हता. आज रिकामा होता. कालपासून मी त्या देव्हाऱ्यासमोर किती वेळा हात जोडून उभी राहिले होते! पण डोळे मिटून.

मी अनवाणी धावले. मागून हवाबी, तिच्यामागे दत्तारामदादा.

फुटाणा कडेच्या त्याच चिऱ्यावर होता. अंगावर दव पडलं होतं. ह्या वेळी मी त्याला काही म्हटलं नाही. तो बघत होता तिथे बघितलं, तर गवत एका रेषेत दबलेलं होतं. काल तिन्हीसांजेलाही ते तसंच असणार.

बाबा खाणीच्या तळाशी होते. उंची फार नाही, दोन पुरुष असेल. वरची कड जुनी झाली होती, ती त्यांच्याखाली ढासळली. उजवा पाय मांडीपाशी मोडला होता. त्यावर त्यांनी खांद्यावरचा पंचा घट्ट आवळून बांधला होता, स्वतःच्या हाताने, मेस्त्रीची गाठ मारून. आणि बसल्या जागेवरून हात पोचेल तेवढ्यातले चिऱ्याचे तुकडे गोळा करून त्यांनी एक ओळ लावली होती. खाली सहा तुकडे, त्यावर दुसऱ्या थराचे चार, सांध्यावर सांधा येऊ न देता, जसे बसवायला हवेत तसे. पाचवा तुकडा मांडीवर होता आणि ओळंबा हातात. अंग गार होतं, पण ताठरलेलं नव्हतं.

दत्तारामदादा खाली बसले आणि तोंडावर हात ठेवून म्हणाले, "हे तासाभराचं काम नाय गो. मेस्त्री रात्रभर..." 

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कोवळ्या वयाच्या होत्या. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं, "पहाटे चार-पाचच्या सुमाराला गेले असावेत. रक्तस्राव हळूहळू होत होता. संध्याकाळी मिळाले असते तर..." मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो मला काढून टाकावासा वाटला.

तेराव्याला गुरवकाका आले. घरात न येता पडवीच्या पायरीवरच बसले. बाबांच्याच वयाचा माणूस, पण एका पंधरवड्यात वाकला होता.

"सुगंधा, देवाला बोल लावू नको हां," ते म्हणाले. "देवाला आम्ही दोनच वाटा सांगितल्या. तिसरी विचारलीच नाय. चूक विचारणाऱ्याची."

"तुमची नाही, काका."

"मग कुणाची?"

 ते बिचारे देवाला वाचवायला आले होते, आणि माझ्या डोक्यात देव नव्हताच. टेप गळ्यात असायची आणि मी ती घरभर शोधायची, तेव्हा बाबा हसून म्हणायचे, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." ती म्हण मी त्यानंतर तोंडातून काढलेली नाही. शाळेचे पोशाख मात्र मी पुरे केले. चौदाच्या चौदा. बाईंनी नको म्हटलं तरी केले.

एवढंच असतं तर मी कदाचित जगरहाटीप्रमाणे सावरले असते. कुत्रा काय सांगतोय ते कळलं नाही. पुष्कळांना कळलं नसतं. दत्तारामदादा म्हणतात, कुणालाच कळलं नसतं, आणि मी मान डोलावते. पण त्यांना एक गोष्ट ठाऊक नाही. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

बाबांना जाऊन महिना झाल्यावर एका दुपारी, तीनच्या सुमाराला, मी फुटाण्याला घेऊन मोठ्या वळणावर गेले. भाकरीचा तुकडा घेतला होता, आत गूळ भरून. मी पाखाडीवरून उतरले आणि गवतात, बाबा जिथून गेले त्या ठिकाणी, चार पावलांवर उभी राहिले.

"ये, फुटाण्या. ये रे. उतर."

तो कडेच्या चिऱ्यावर आला. भाकरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"उतर ना रे. कुणी ओरडणार नाही. उतर."

त्याने पुढचा उजवा पाय उचलला. तो पाय गवतावर तसाच थरथरत राहिला, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी हात पुढे केला. मी त्याला किती प्रकारे बोलावलं, सांगता येणार नाही. गोड बोलून, हाका मारून, शेवटी गवतात गुडघे टेकून, हुंदके देत. वरून दोन पर्यटक बाया चालल्या होत्या, त्या थबकल्या आणि मग मान खाली घालून निघून गेल्या.

फुटाण्याने पाय मागे घेतला. चिऱ्यावर ठेवला आणि बसला.

पुढे आठ वर्षं तो जगला. रोज तीन वाजता तिथे जाऊन बसायचा आणि चार वाजता घरी यायचा. मी रोज त्याच्याबरोबर जायची, रोज गवतात उतरायची आणि रोज बोलवायची. तो पाय उचलायचा, माझ्याकडे बघायचा आणि मागे घ्यायचा.

पिल्लाचा मोठा झाल्यापासून मरेपर्यंत त्या कुत्र्याने एकदाच चिरा सोडून पाय खाली ठेवला होता. मोडायची नाही ती शिस्त बाबांसाठी मोडून तो मला खाली घेऊन निघाला होता. बाबा तेव्हा जिवंत होते, पन्नास पावलांवर. आणि मी म्हणाले होते, चिऱ्यावर.